कॉलेजात डिजिटल पोर्टफोलिओ करायला सांगितलाय? कुठून सुरू करायचं ते सांगते

सेमिस्टर सुरू झालं की कुणीतरी वर्गात सांगून जातं, यंदा प्रत्येकाने ई-पोर्टफोलिओ ठेवायचा, त्याला मार्क आहेत. मग ग्रुपवर एकच प्रश्न फिरत राहतो, म्हणजे नक्की करायचं काय? कुणी म्हणतं वेबसाइट, कुणी म्हणतं सीव्हीच पण ऑनलाइन, आणि कुणी सगळ्या असाइनमेंटच्या पीडीएफ एका ड्राइव्ह फोल्डरमधे कोंबून लिंक पाठवून मोकळं होतं. मी हे पूर्ण पदवीभर केलंय, नंतर ज्युनिअर्सचे पोर्टफोलिओ बघून द्यायचं कामही गळ्यात पडलं, त्यामुळे गाडी कुठे कुठे अडते ते बऱ्यापैकी माहीत आहे.

सीव्हीत तुम्ही काय केलं त्याची यादी असते. ड्राइव्ह फोल्डरमधे ते काम नुसतं पडलेलं असतं. पोर्टफोलिओमधे तुम्ही स्वतः निवडलेलं काम, ते कसकसं घडत गेलं याचा पुरावा आणि त्यातून तुम्हाला काय कळलं, एवढं सगळं एका जागी येतं. शिक्षकांना हे खूळ अचानक कुठून सुचलं असं वाटत असेल तर सांगते, अमेरिकेतल्या कॉलेज-विद्यापीठांच्या एका मोठ्या संघटनेने २००८ मधे विद्यार्थ्यांना खरोखर फरक पडतो अशा दहा शिक्षणपद्धतींची यादी काढली होती, त्यात ई-पोर्टफोलिओ २०१६ मधे अकरावा म्हणून आला. तेव्हा हे फॅड आहे म्हणून ढकलून देऊ नका. अवघड भाग टेक्निकल नाहीच आहे. यात काय टाकायचं हे कुणीच सांगत नाही, ते आपलं आपण ठरवायचं असतं, आणि शाळेपासून प्रश्नपत्रिका बघून उत्तरं लिहायची सवय असलेले आपण तिथेच गारठतो.

काय काय लागेल

- स्वतःचा पर्सनल ईमेल आयडी (कॉलेजचा नाही, कारण पुढे येईलच)
- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, लॅबमधला असला तरी चालेल. फोनवर फोटो, स्कॅन, ऑडिओ छान होतं पण पानं बांधायला फोन घेऊन बसलात तर वैताग येईल
- क्लाउडवर थोडी जागा आणि शिवाय एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क
- कोर्सचा सिलॅबस, आणि रुब्रिक (मार्क कशाला किती ते सांगणारा तक्ता) दिलं असेल तर तेही
- जुन्या असाइनमेंट, शिक्षकांच्या शेऱ्यांसकट. शेरे फेकून देऊ नका, सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडतात
- एक मित्र किंवा मैत्रीण जी तोंडावर खरं सांगेल

१. कोण बघणार आहे ते आधी ठरवा

टेम्प्लेट निवडायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहा: हा पोर्टफोलिओ अमुक माणूस बघेल आणि त्याला अमुक कळलं पाहिजे. बघणारे साधारण तीन प्रकारचे असतात, मार्क देणारे शिक्षक, इंटर्नशिप किंवा नोकरी देणारे लोक, आणि तुम्ही स्वतः. शिक्षकांना तुमची वाटचाल बघायची असते, म्हणजे फसलेला पहिला ड्राफ्टही त्यांना हवा असतो. नोकरी देणाऱ्याला तेवढा वेळ नसतो, तो दोन-तीन चांगली कामं बघतो आणि पुढे जातो. दोघांना एकाच पानावर खूश करायला गेलात की दोघंही नाराज. उपाय सोपा आहे, सगळं साहित्य एका ठिकाणी ठेवा आणि त्यातून दोन वेगळी पानं काढा.

२. जागा निवडा, पण कॉलेजने एखादी ठरवून दिली आहे का ते आधी विचारा

इथे लोक आठवडेच्या आठवडे घालवतात. घालवू नका, पण प्रत्येक जागेची एक खोड असते ती माहीत असू द्या.

महारा: पोर्टफोलिओसाठीच बनलेलं ओपन सोर्स (कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारं) सॉफ्टवेअर, न्यूझीलंडमधे २००६ मधे सुरू झालं, बरीच विद्यापीठं स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात. कोणतं पान कुणाला दिसावं हे यात फार बारकाईने ठरवता येतं. खोड अशी की अकाउंट कॉलेजचं, तुम्ही बाहेर पडलात की ते कधीतरी बंद होणार. त्यात एक्स्पोर्टची सोय असते, एचटीएमएलमधे, म्हणजे कुठल्याही ब्राउझरमधे उघडतील अशा पानांत, सगळं उतरवून घेता येतं, फक्त ते शेवटच्या परीक्षेच्या आधी करा, निकालानंतर नाही.

गुगल साइट्स: नवख्यांसाठी मी हेच सुचवते, फुकट आहे आणि अर्ध्या दिवसात हाताला बसतं. खोड मोठी आहे मात्र. साइट पब्लिक केली तरी तिच्यात लावलेल्या ड्राइव्हच्या फाइलींची परवानगी वेगळी असते, म्हणजे तुम्हाला सगळं दिसतं कारण तुम्ही लॉगइन आहात आणि सरांना मात्र प्रत्येक चौकटीत अॅक्सेस मागा असा मेसेज. हे इतक्या जणांचं होतं की मी आता कुठलाही पोर्टफोलिओ बघायला घेतला की आधी तेच तपासते. लिंक पाठवायच्या आधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोमधे (तिथे तुम्ही लॉगइन नसता) उघडून प्रत्येक फाइलवर क्लिक करून बघा.

गिटहब पेजेस: गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून स्वतःची वेबसाइट चालवायची सोय. कोडिंग येत असेल किंवा शिकायचं असेल तर मस्त, आणि हे जमवणं हाच एक पुरावा होतो. पण फुकटच्या अकाउंटवर रिपॉझिटरी (फाइली ठेवायचा तिथला फोल्डर) पब्लिक ठेवावी लागते आणि तिच्यात जुन्या सगळ्या आवृत्त्या राहतात, त्यामुळे आज चुकून टाकलेला फोन नंबर उद्या खोडलात तरी हिस्टरीमधे तो कुणालाही सापडतो.

नोशन: नोट्स आणि पानं लिहायचं अॅप, लिहायला सुंदर, पण एखादं पान पब्लिश केलं की त्याच्या पोटातली पानंही पब्लिश होतात. पर्सनल नोट्स त्याच पानाखाली असतील तर विचार करा. वर्डप्रेस डॉट कॉमही चालेल, फुकटच्या प्लॅनवर जाहिराती दिसतात एवढंच.

यातलं काहीही घ्या. कॉलेजने एखादी जागा ठरवून दिली असेल तर तीच घ्या, पण मूळ फाइली तुमच्या पर्सनल अकाउंटमधे.

३. कच्चा माल रोजच्या रोज साठवा

पोर्टफोलिओ सेमिस्टरच्या शेवटी बनवता येत नाही, म्हणजे बनवता येतो पण त्यात पुरावा नसतो, फक्त शेवटची फाइल असते. मधले टप्पे तेव्हाच्या तेव्हाच पकडावे लागतात. लॅबमधल्या फळ्यावरचा आकृतीचा कच्चा खर्डा, ग्रुप चर्चेत काढलेला कागद, एरर मेसेजचा स्क्रीनशॉट, प्रेझेंटेशनची प्रॅक्टिस करतानाचा ऑडिओ, असलं काहीही. फोनने फोटो काढा आणि एका "आवक" फोल्डरमधे टाका. लावून ठेवायची घाई नको, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं बसून नावं द्या.

नावं देण्याची पद्धत एकदाच ठरवा. मी तारीख पुढे ठेवते, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे २०२५-०८-१४-सर्वेक्षण-ड्राफ्ट-१. या क्रमाने लिहिलं की कॉम्प्युटर नावाप्रमाणे लावतो तेव्हा आपोआप तारखेप्रमाणेच लागतं. फायनल, फायनल-२, फायनल-खरंच-फायनल हे प्रकार बंद करा प्लीज.

गुगल डॉक्समधे लिहीत असाल तर अजून सोपं आहे, फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, तिथे त्या त्या आवृत्तीला नाव देता येतं: "शेरे येण्याआधी", "शेरे आल्यावर". पुढे रिफ्लेक्शन (काम कसं घडलं, काय कळलं याबद्दलचं तुमचं लिखाण) लिहिताना या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या की लिहायला काही नाही असं होतच नाही. एक लक्षात ठेवा, नुसती बघायची परवानगी असलेल्याला ही हिस्टरी दिसत नाही, दाखवायची असेल तर स्क्रीनशॉट घ्या.

मराठीत काम करत असाल तर युनिकोडमधेच (कुठल्याही मशिनवर सारखीच दिसणारी अक्षरं) टाइप करा. जुन्या फॉन्टमधे केलेलं दुसऱ्याच्या मशिनवर अक्षरांची भेळ होऊन उघडतं आणि सर्चमधे तर सापडतच नाही.

४. आता निवडा, आणि निर्दयपणे निवडा

केलेलं सगळं टाकायचं नसतं. एका सेमिस्टरला चार-पाच कामं पुष्कळ झाली. कोणती? मी ज्युनिअर्सना तीन प्रश्न विचारायला सांगते. या कामात मी स्वतः काही ठरवलं का, की सांगितलं तसं केलं? ते कसं बदलत गेलं याचा पुरावा माझ्याकडे आहे का? आज कुणी याबद्दल विचारलं तर पाच मिनिटं बोलता येईल का? तिन्हीला हो आलं तर घ्या. मार्क किती पडले हा प्रश्न यात मुद्दामच नाही, कारण सगळ्यात जास्त मार्कांची असाइनमेंट बऱ्याचदा सगळ्यात कंटाळवाणी असते, साचा दिलेला असतो आणि आपण तो भरलेला असतो.

एखादं फसलेलं काम नक्की ठेवा. सगळंच गुळगुळीत असलेला पोर्टफोलिओ बघणाऱ्याला काहीच सांगत नाही.

५. रिफ्लेक्शन, इथेच सगळा जीव आहे

नव्वद टक्के वेळ लोक थीम आणि फॉन्टवर घालवतात आणि रिफ्लेक्शनला दोन ओळी देतात. त्या ओळी अशा असतात: "या प्रोजेक्टमधून मला खूप काही शिकायला मिळालं. टीमवर्कचं महत्त्व समजलं." हे कुठल्याही प्रोजेक्टखाली चिकटवता येतं, म्हणजे ते तुमच्या प्रोजेक्टबद्दल नाहीच.

आता हा नमुना बघा, मी बनवलेला आहे पण असं काहीतरी हवं: "सर्वेक्षणाच्या पहिल्या ड्राफ्टमधे सात भागांचा पाय चार्ट होता. वर्गातल्या एकीला विचारलं यातला दुसऱ्या नंबरचा भाग कुठला, तिला सांगता येईना, कारण तीन भाग जवळपास सारखेच दिसत होते. मग बार चार्ट केला आणि उतरत्या क्रमाने लावला. तेव्हा लक्षात आलं की दोन पर्यायांत एका उत्तराचाच फरक आहे, आणि मी निष्कर्षात त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता. तो काढला. पुढच्या वेळी चार्ट आधी काढेन, लिहायला नंतर बसेन." यात कुठेही "मी शिकलो" असं म्हटलेलं नाही, तरी शिकलेलं दिसतं. आणि डिजिटल स्किलही दिसतं, वेगळं सांगावं लागत नाही.

सुचत नसेल तर ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं रिफ्लेक्शनचं चक्र वापरा, त्यात सहा टप्पे आहेत: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय होतं, तसं का झालं, वेगळं काय करता आलं असतं, पुढे काय करणार. बरेच शिक्षक हेच देतात. माझं मत विचाराल तर सुरुवातीला ठीक आहे, पण सहाही टप्पे प्रत्येक वेळी भरायला लागलात की फॉर्म भरल्यासारखं वाचायला लागतं. चौथ्या टप्प्यावर, म्हणजे तसं का झालं यावर, जास्त थांबा, बाकीचे दोन-दोन ओळींत उरका. लिहायचा कंटाळा येत असेल तर आधी फोनवर बोलून रेकॉर्ड करा आणि मग ते उतरवा, बोलताना आपण जास्त खरं बोलतो.

एआयकडून रिफ्लेक्शन लिहून घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. शुद्धलेखन तपासायला किंवा "माझ्या या परिच्छेदात कुठला प्रश्न अनुत्तरित राहतोय" असं विचारायला घ्या की, पण मग कॉलेजचा नियम बघा आणि कशासाठी वापरलं ते एका ओळीत लिहा. पूर्ण लिहून घेतलेलं मात्र ओळखू येतं, त्यात ना वरच्या नमुन्यातली ती वर्गातली मुलगी असते ना तो एका उत्तराचा फरक.

६. डिजिटल स्किल्सचा पुरावा द्या, टक्के नको

एक्सेल ८०%, कम्युनिकेशन ९५% असे रंगीत पट्टे टाकू नका. ८० टक्के कशाचे? त्यापेक्षा युरोपियन कमिशनची डिजकॉम्प नावाची चौकट घ्या, २०१३ मधे पहिल्यांदा आली आणि २०२२ च्या २.२ आवृत्तीत पाच विभाग आणि २१ कौशल्यं आहेत. विभाग असे: माहिती शोधणं आणि पारखणं, संवाद आणि सहकार्य, डिजिटल मजकूर तयार करणं, सुरक्षितता, आणि अडचणी सोडवणं. प्रत्येक विभागापुढे तुमच्या पोर्टफोलिओतल्या एका कामाची लिंक द्यायचा प्रयत्न करा. बहुतेकांचं मजकूर तयार करणं या विभागात चिक्कार निघतं आणि सुरक्षिततेपुढे रिकामं. पुढच्या सेमिस्टरला काय शिकायचं ते इथूनच कळतं, कुणाला विचारायला जावं लागत नाही.

७. पानं बांधा

हे पटकन उरका. पहिलं पान, त्यावर दोन-तीन वाक्यांत तुम्ही कोण आणि इथे काय आहे. प्रत्येक कामाला एक पान: काम काय होतं, माझा वाटा किती, पुरावा, रिफ्लेक्शन. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर "माझा वाटा" स्पष्ट लिहा आणि बाकीच्यांनी काय केलं तेही.

फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर टाकायची फॅशन आहे, ती नको. वेब अॅक्सेसिबिलिटीच्या नियमांत नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) लागतो, ऑनलाइन चेकरमधे दोन रंग टाकले की लगेच कळतं. चित्रांना ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांत वर्णन) द्या, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही कळेल तिथे काय आहे. आणि पान फोनवर उघडून बघा, बघणारे बरेचदा फोनवरच बघतात.

८. परवानगी आणि प्रायव्हसी, हा भाग गाळू नका

- दुसऱ्याचा फोटो, आवाज, मुलाखत टाकायची तर आधी विचारा, शक्यतो लेखी. पेशंट, लहान मुलं, इंटर्नशिपच्या कंपनीची माहिती यांना तर हातच लावू नका, आधी शिक्षकांशी बोला.
- पीडीएफमधे नावावर काळी पट्टी ओढली म्हणजे नाव गेलं असं नसतं, बऱ्याचदा खालचा मजकूर तसाच कॉपी करता येतो. मूळ फाइलमधून नाव काढा आणि मग पीडीएफ करा.
- फोनने काढलेल्या फोटोत लोकेशन लपलेलं असू शकतं. सोपी युक्ती म्हणजे मूळ फोटोऐवजी त्याचा स्क्रीनशॉट टाका.
- मार्कशीट, सही, पत्ता, जन्मतारीख, आयडी कार्डचा फोटो, हे काहीही पब्लिक पानावर नको.
- गुगल इमेजेसवर दिसलेलं चित्र फुकट असतं असं नाही. विकिमीडिया कॉमन्स किंवा ओपनव्हर्स या मोकळ्या लायसन्सची चित्रं देणाऱ्या साइट्सवरून घ्या आणि खाली चित्राचं नाव, कुणाचं, कुठून आणि लायसन्स कुठलं एवढं लिहा.

सगळा पोर्टफोलिओ जगजाहीर करायची सक्ती कुणी करत असेल तर विचारा की फक्त लिंकवाल्यांना दिसेल असं चालेल का. बहुतेक वेळा चालतं, फक्त विचारलेलं नसतं.

९. दुसऱ्याला दाखवा, आणि गप्प बसा

तो खरं बोलणारा मित्र आठवतोय ना, त्याला लिंक द्या आणि शेजारी बसा, काही समजावू नका. तो कुठे थांबतो, कुठे उगाच स्क्रोल करतो, काय शोधतो ते बघत राहा. "इथे खरं तर मला असं म्हणायचं होतं" असं तोंडात आलं की ते वाक्य पानावर नाहीये, लिहून घ्या. मग त्याला दोनच प्रश्न: यावरून मला काय येतं असं वाटलं? आणि कशावर विश्वास बसला नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा झोंबतं पण कामाचं तेच असतं.

१०. कॉलेज सुटायच्या आधी

कॉलेजचं अकाउंट बंद व्हायची तारीख आयटी विभागाला विचारून ठेवा. गुगलचं शैक्षणिक अकाउंट असेल आणि अॅडमिनने सोय चालू ठेवली असेल तर टेकआउटमधून (गुगलची डेटा उतरवून घ्यायची सोय) ड्राइव्हच्या फाइली आणि मेल सरळ पर्सनल अकाउंटमधे कॉपी करता येतात. दुसऱ्याने शेअर केलेल्या फाइलींवर विसंबू नका, ग्रुप प्रोजेक्टची फाइल मैत्रिणीच्या अकाउंटवर असेल तर तिचं अकाउंट गेलं की फाइलही गेली, तेव्हा आधी आपली कॉपी करून घ्या. प्रत्येक पान ब्राउझरमधून पीडीएफ म्हणून सेव्ह करा. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, हा बॅकअपचा जुना नियम आहे आणि पाळायला फार काही लागत नाही.

सीव्हीवर पूर्ण पोर्टफोलिओची लिंक देण्यापेक्षा त्या कामाशी जुळणाऱ्या एका पानाची द्या.

आणि तुम्ही शिकवत असाल तर

विद्यार्थी स्वतंत्र व्हावेत म्हणून पोर्टफोलिओ आणायचा आणि मग कुठल्या पानावर काय, किती शब्दांत, कुठल्या रंगात हे सगळं ठरवून द्यायचं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. मग मुलं भरून देतात आणि विसरतात. पहिल्या महिन्यात साचा घट्ट ठेवा, दोन कामं तुम्ही सांगा, पुढे एक तुम्ही आणि तीन त्यांनी, शेवटी सगळी त्यांनी. मार्कांत दिसण्याला अगदी थोडे आणि निवडीच्या कारणांना जास्त, हे पहिल्याच दिवशी सांगा. शेवटी एकदम तपासण्यापेक्षा मधे दोनदा थोडक्यात शेरा द्या, मार्कांशिवाय. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी लॅबची वेळ ठरवून द्या, नाहीतर तुम्ही कौशल्याऐवजी लॅपटॉपलाच मार्क देऊन बसाल. आणि स्वतःचं एक पान करून वर्गात दाखवा, त्यात जमलेल्या लेक्चरसोबत न जमलेलं एक लेक्चर आणि पुढच्या वर्षी तुम्ही त्यात काय बदललं ते असू द्या.